सेतुमामांचे तीन प्रश्न

पूर्वज शोधायला आलेल्या माणसाला सेतुमामा आधी 'बसा' म्हणत नसत. आधी तीन नावं विचारत. "आईचं? तिच्या आईचं? आणि तिच्याही आईचं?" तिसऱ्या नावाला माणूस अडखळला, की मामा धोतराच्या सोग्याने भिंग पुसत म्हणत, "जा. घरातली माणसं शोध आधी. मेलेले साहेब कुठे पळून जात नाहीत."

सेतुमाधवराव, म्हणजे आमचे सेतुमामा, तंजावरच्या एका जुन्या चर्चच्या कचेरीत चाळीस वर्षं नकलनवीस होते. कपाळाला गोपीचंदन आणि पुढ्यात बाप्तिस्म्याच्या वह्या. जुन्या पाद्र्यांचं गिचमिड इंग्रजी अक्षर गावात दुसऱ्या कुणाला लागत नसे. म्हणून चर्चने त्यांचं गोपीचंदन सोसलं आणि त्यांनी चर्चची घंटा. लग्न केलं नाही. मनुष्यजातीविषयी त्यांना जी तुच्छता होती, ती ते जातधर्म न पाहता सगळ्यांना सारखी वाटत.

माझ्या वाट्याला जरा जास्त आली. बँकेतून निवृत्त झाल्यावर मला संशोधनाचा झटका आला आणि मी मामांकडे गेलो. तीन प्रश्न झाले. उत्तरादाखल मी आमचे अकरा बाप घडाघडा म्हणून दाखवले, थेट राजांबरोबर तंजावरला आलेल्या मूळपुरुषापर्यंत. मामा जांभई देऊन म्हणाले, "बाप अस्क्यांस असतात, ऑफिसर. आईच्या आजीचं सांग." अस्के म्हणजे सगळे, तुमच्या महाराष्ट्रातून हा शब्द गेला, आमच्याकडे राहिला. आईच्या आजीचं नाव मात्र माझ्याकडे राहिलं नव्हतं. त्यापुढची आठ वर्षं मी त्या कचेरीत उभ्यानेच काढली.

त्यातच एका वर्षी आयर्लंडहून नोराबाईंची ई-मेल आली. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांचा खापरपणजोबा मायकल डॉयल बायको आणि तान्हा मुलगा घरी ठेवून फौजेबरोबर तंजावरला आला आणि नाहीसा झाला. तिकडच्या शिरगणतीचे कागद जळलेले. गावच्या चर्चमध्ये फक्त त्याचा बाप्तिस्मा. तो तापाने गेला असं सगळे धरून चालले होते आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नावाने मेणबत्ती लागत होती. 'माझ्यामागे घरात कुणी नाही,' बाईंनी लिहिलं होतं. 'एकदा त्याच्या थडग्यापाशी उभं राहायचं आहे.'

मी काय, तयारच होतो. जुन्या दफनभूमीत दोन सकाळी काटेरी झुडपांतून हिंडलो आणि एका शेवाळलेल्या दगडावर 'एम. डॉयल' सापडला. फोटो काढून पाठवला. सोबत 'हार्दिक अभिनंदन'. बाईंनी तिकीट काढलं. मग मी ऐटीत मामांना ही बातमी दिली. मामांनी दफनाची वही उघडली, भिंग फिरवलं.

"ऑफिसर, तुझा शिपाई नऊ वर्षांचा आहे."

"म्हणजे?"

"मार्टिन डॉयल. वय नऊ. दगडावरही असेल. शेवाळ खरवडलं होतंस?"

नव्हतं. मी हात जोडले. "मामा, गप्प बसा ना. म्हातारी बाई, फुलं वाहील, रडेल, जाईल."

"थडगं खोटं, रडणं खरं. तुझ्या बँकेत चालत असेल हे."

गुरुवारी बाई आल्या. मामांनी त्यांनाही सोडलं नाही. इंग्रजीत तेच तीन प्रश्न. "ब्रिजिड, अ‍ॅन, मेरी," बाई एका दमात म्हणाल्या. मामा उठले आणि स्वतःची खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. त्या कचेरीत दुसरी खुर्ची आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ती कपाटामागे होती आणि मामांनी ती स्वतःसाठी काढली.

मग त्यांनी बाप्तिस्म्याची वही उघडली. पाच वर्षांत तीन मुलं. बाप, मायकल डॉयल. थोरला, मार्टिन. पुढे मायकलचं नावच नाही, दफनातही नाही. मामा गोड बोलणारे नव्हतेच. "तुमचा माणूस इथे तापाने मेलेला नाही. त्याने दुसरं घर मांडलं. पुढे तेही सोडलं असावं. आणि या ऑफिसरने तुम्हाला दाखवलेलं थडगं त्याच्या पोराचं आहे."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. बाईंनी वही जवळ ओढली. मग त्यांनी आईच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे तिन्ही वेळा एवढंच होतं: एक नेटिव्ह बाई.

"हिचं नाव काय?"

"लिहिलेलं नाही."

"का?"

मामा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "चाळीस वर्षांत हे विचारणारी ही पहिली. अस्के बापाच्या मागे. जा, कॉफी आण."

मी कॉफी घेऊन आलो, तेव्हा दोघं हसत होती. माझ्यावरच असणार.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मार्टिनच्या थडग्यावर फुलं वाहिली. शेवाळ त्यांनी स्वतः खरवडलं. घरून खापरपणजोबांसाठी आणलेली मेणबत्ती त्यांनी तिथेच लावली. "ही याच्या आईची," म्हणाल्या.

यंदा पोंगलनंतर मामा गेले. त्यांचा सख्खा भाचा चेन्नईला, म्हणून त्याने मृत्यूचा दाखला काढायला नगरपालिकेत मला पाठवलं. फॉर्म भरता भरता एका रकान्याशी आलो. मयताच्या आईचं नाव. मी भाच्याला फोन लावला.

"अरे, तुझ्या आजीचं नाव काय?"

"पाट्टीचं? आम्ही पाट्टीच म्हणायचो, काका."

खिडकीतला क्लार्क म्हणाला, "'माहीत नाही' लिहा सार. खूप जण तसंच लिहितात."

असल्या उत्तराला मामा तुच्छतेने नाकाने जो आवाज काढत, तो मला स्पष्ट ऐकू आला. आठ वर्षांत त्यांनी मला हा प्रश्न शंभरदा विचारला असेल. मी त्यांना एकदाही उलट विचारला नव्हता. काय मनात आलं कोण जाणे, तिथल्याच पायरीवर बसून मी नोराबाईंना मेसेज केला, 'मामांच्या आईचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का?' तिकडे सकाळ असावी. दहा मिनिटांत उत्तर आलं.

'सुंदराबाई. तिची आई काशी. तिच्या आईचं नाव त्यांनाही माहीत नव्हतं. तुम्ही कॉफी आणायला गेला होतात, तेव्हा मी विचारलं. या ऑफिसरला सांगू नका, म्हणाले.'

म्हणजे लबाड म्हातारा स्वतःच तिसऱ्या प्रश्नाला नापास! मी पायरीवर एकटाच हसलो. डोळे पुसले आणि रकान्यात सुंदराबाई लिहून फॉर्म आत सरकवला.

"पाच मिनिटं लागतील," क्लार्क म्हणाला. "बसा सार."

मी उभाच राहिलो.