आप्पांची न प्यालेली दारू

माझ्या वडिलांनी आयुष्यात दारूच्या थेंबालाही स्पर्श केलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ऑकलंडमधल्या बऱ्याच मराठी घरांत आज याच्या नेमकी उलट समजूत आहे.

आप्पा गवंडी. मराठवाड्यातल्या आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंती त्यांनी बांधल्या आणि रोज सकाळी तिथेच बसून पंचशील म्हटलं. पाचवं शील मद्य न पिण्याचं. ते म्हणताना त्यांचा आवाज चांगलाच चढायचा. मला वाटायचं, शेजारपाजारच्या पिणाऱ्यांना ऐकू जावं म्हणून. दारूपायी त्यांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं.

आणि मी मात्र दारुड्याची मुलगी म्हणून शिकले. पाचवीत मला तालुक्याच्या गावी एका ट्रस्टच्या मुलींच्या बोर्डिंगात घातलं. राहणं, जेवण, शाळा, सगळं फुकट. बोर्डिंग वाईट होतं असं मी म्हणणार नाही. तिथे पोटभर जेवायला मिळालं, गणित उत्तम शिकवलं गेलं आणि त्या गणिताच्या जोरावर मी आज ऑकलंडच्या पेनरोज भागातल्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. पण देणगीदार पाहुणे यायचे झाले की आमच्या रेक्टर बाई आम्हाला उंचीप्रमाणे नाही, दुःखाप्रमाणे उभं करायच्या. अनाथ मुली पहिल्या रांगेत. बापाने टाकलेल्या दुसऱ्या. पिणाऱ्या बापांच्या तिसऱ्या. मग एकेकीला पुढे घेऊन, तिच्या खांद्यावर हात ठेवून बाई तिची कहाणी सांगायच्या आणि पाहुण्या बायका पदराने डोळे टिपायच्या. पहिल्याच वर्षी मी धीर करून म्हटलं, "बाई, माझे आप्पा पीत नाहीत."

"माहितेय मला. जा, रांगेत उभी राहा," बाई म्हणाल्या.

चूक सुधारली नाही, कारणही सांगितलं नाही. माहीत असून सांगतात, याचाच मला जास्त राग आला. तो राग मी सामानाबरोबर न्यूझीलंडला घेऊन आले.

२०१६च्या हिवाळ्यात आप्पा पहिल्यांदाच ऑकलंडला, आमच्या बॉटनी डाउन्समधल्या घरी आले. आई गेल्यापासून ते एकटे होते. नेमक्या त्याच सुमारास व्हॉट्सॲपवर निरोप फिरला की आमच्या रेक्टर बाई ट्रस्टच्या देणग्यांसाठी इकडे येताहेत. नोकरीतून निवृत्त झाल्या तरी देणग्या गोळा करणं त्यांनी सोडलं नव्हतं. रविवारी दुपारी कम्युनिटी हॉलमध्ये कार्यक्रम, प्रत्येकाने एकेक पदार्थ घेऊन यायचा. संयोजक म्हणजे आयटीतले एक पुणेकर. मी त्याच बोर्डिंगची आहे हे कळताच त्यांचा फोन आला.

"तुम्ही स्टेजवर हव्यातच! यू आर द सक्सेस स्टोरी."

"येते. पण माझ्या वडिलांच्या दारूचं काही बोलायचं नाही. ते सध्या इथेच आहेत, आणि ते पीत नाहीत."

"स्वीट ॲज!" इकडच्या लोकांसारखा होकार देत ते म्हणाले. "बाईंना सांगून ठेवतो. डोन्ट वरी."

तरी मला भरवसा नव्हता. आप्पांनी ती कहाणी कधी ऐकली नव्हती, अशी माझी समजूत होती, आणि जिवंतपणी त्यांच्या कानावर ती पडू नये एवढीच माझी इच्छा होती. हॉलमध्ये हीटर नसतो, तुम्हाला कंटाळा येईल, असं काहीबाही सांगून मी त्यांना घरी ठेवायला पाहिलं.

"बाई येवढ्या लांबून आल्या आन् मी घरात बसू?" आप्पा म्हणाले. "त्यांच्या पाया पडल्याबिगर न्हाई ऱ्हायचो मी."

इस्त्रीचा सदरा घातला, वर माझ्या नवऱ्याचं जाड जॅकेट चढवलं आणि आम्हा सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले.

बाई उशिरा आल्या आणि थेट स्टेजवर गेल्या. खूप थकल्या होत्या. मला वर बोलावलं गेलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, बोर्डिंगात ठेवायच्या तसाच.

"ही पोर आमच्याकडे आली," बाईंनी सुरुवात केली, "तेव्हा हिचा बाप दिवसरात्र दारू पिऊन गटारात पडलेला असायचा. घरात चूल पेटत नव्हती..."

संयोजक मान खाली घालून फोनमध्ये बघत होते. आप्पा तिसऱ्या रांगेत, माझा नवरा आणि मुलगी यांच्यामध्ये बसले होते. माझ्या मुलीला मराठी सगळं समजतं, फक्त बोलत नाही. ती मोठ्याने म्हणाली, "बट आजोबा डझन्ट ड्रिंक!" दोन-चार लोक हसले.

मी बाईंच्या हातातून माईक घेतला.

"हे खोटं आहे. माझे वडील कधीही दारू प्यालेले नाहीत. ते समोरच बसलेत. त्यांनाच विचारा."

बरं वाटलं. खरंच सांगते, फार बरं वाटलं. बाईंचा हात खांद्यावरून खाली आला. त्या आप्पांकडे बघत राहिल्या. सगळा हॉल आप्पांकडे बघायला लागला. आप्पा सावकाश उठले आणि त्यांनी हात जोडले.

"पीत व्हतो मी," आप्पा म्हणाले. "लई पीत व्हतो. बाईंनी लेकीला पदरात घेतलं, तवा सुटली. तिला बापाची लाज वाटती, म्हनून ती आसं बोलती. तिला माफ करा."

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. देणगीच्या पेटीपाशी एवढी रांग लागली की जेवणं लांबली. आप्पा बाईंच्या पाया पडायला वाकले, तसे बाईंनी त्यांचे हात वरच्यावर धरले.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मी रडकुंडीला येऊन विचारलं, "आप्पा, खोटं का बोललात?"

सीटबेल्ट लावायची त्यांची खटपट चालली होती.

"आईबाप धडधाकट, बाप कमावता, आसल्या पोरींला तितं जागा नव्हती," ते म्हणाले. "बाई म्हनल्या, दारुड्याची म्हनून घेते, चालंल का? म्या म्हनलं, घ्या."

"आणि वस्तीत हे कुणाला कळलं नाही?"

"कळलं की समद्यांना. विहारात हसायचे लोक. म्हनून तर पाचवं शील मोठ्यानं म्हनायचो." बेल्ट एकदाचा लागला. "आज बाई खोट्या पडल्या आसत्या, तर कोन देनगी देनार व्हतं? आता तितं तुझ्या जागी जी पोर झोपती, तिनं कुटं जायाचं?"

चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मोडून त्यांनी पाचवं मोडल्याची कबुली दिली होती, तीही मी ज्यांच्यात रोज वावरते त्या माणसांसमोर. दिवसभर विटा रचून संध्याकाळी शुद्धीत घरी येणाऱ्या बापाच्या मुलीसाठी कुणाचा हात खिशात जात नाही. बाप गटारात पडलेलाच लागतो. या हिशेबाचा मला अजून संताप येतो, आणि त्याच हिशेबावर मी शिकले म्हणून जास्तच येतो.

महिनाभराने एका ओळखीच्यांकडे मुलाच्या वाढदिवसाची पार्टी होती. घरामागच्या लाकडी डेकवर बार्बेक्यू, ज्याच्या-त्याच्या हातात वाइनचे ग्लास. आम्ही आत आलो तसा यजमानांनी बायकोला डोळ्याने इशारा केला आणि टेबलावरच्या बाटल्या लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या. मग ते स्वतः संत्र्याच्या रसाचा ग्लास घेऊन आप्पांसमोर आले.

"काका, तुमच्यासाठी वेगळं ठेवलंय. वी आर सो प्राउड ऑफ यू."

आप्पांनी दोन्ही हातांनी ग्लास घेतला आणि म्हणाले, "लई उपकार झाले."