उजवी पाकळी, उजवं बटण

पेडण्यातल्या आमच्या गावात देवाला विचारल्याशिवाय कोणी विहीरही खणत नाही. पुजारी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे बिनबोभाट चाललं होतं. मग देवस्थान कमिटीच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि अध्यक्षांना वाटलं, देवाच्या बोलण्याचाही रेकॉर्ड हवा. मी पणजीत सॉफ्टवेअर लिहितो, तेव्हा फुकटचा बकरा गावातच मिळाला.

प्रोग्राम साधा होता. नाव, प्रश्न, खाली 'होय' आणि 'नाही' अशी दोन बटणं. दाबलं की छापील पावती. हेच दोन पर्याय वर मेनूतही. बटण नुसतं पडद्यावर काढून भागत नाही, दाबल्यावर काय व्हायचं ते काम त्याला जोडून द्यावं लागतं. मेनू मी नावानं जोडला. बटणांच्या वेळी कंटाळा केला, जागेवरूनच जोडली: डावीकडून पहिलं ते होयचं, दुसरं ते नाहीचं.

अध्यक्ष पडदा बघून खवळले. "होय डावीकडेन? उजवी म्हणजे होय, हें तुका शिकवूंक जाय?" मी बटणांच्या जागा बदलल्या, मेनूतून एकदा तपासलं आणि चहा प्यायलो. बटणं हलली, त्यांची कामं जुन्याच जागी राहिली. खुर्च्या बदलल्या तरी काम तेच, हे आमच्या कमिटीला शोभूनच होतं.

पहिल्याच रविवारी माझी आत्या आली. पार्शाच्या वाटेवर तिची काजूची बाग. हरमलच्या किनाऱ्यावर जागा उरली नाही म्हणून डोंगराकडे वळलेल्या एका हॉटेलवाल्याला ती विकावी, असा तिच्या मुलाचा हट्ट. आत्याचा जीव त्या झाडांत. शेवटी मायलेकांनी ठरवलं, देव सांगेल तसं. तिनं विचारलं, "बाग राखूं?"

उजवी पाकळी पडली. आत्यानं हात जोडले. कमिटीच्या कारकुनानं उजवं, 'होय'चं बटण दाबलं. पावतीवर आलं: नाही.

देवळात तीसेक माणसं होती, सगळ्यांना डोळे होते. पण कागद छापील होता! अध्यक्षांनी तो चष्मा लावून मोठ्यानं वाचला, पुजाऱ्यानं मान डोलावली आणि कोणीतरी म्हणालं, "पाकळी वाऱ्यान पडली आसतली." आत्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

मला त्याच क्षणी चूक कळली होती. तेवढ्यात अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "आमच्या गावचो भुरगो!" आणि हातात नारळ दिला. मानाचा नारळ हातात धरून 'चुकलो' म्हणायला माझी जीभ रेटेना. आरती चालू असताना ऑफिसात बसून दोन मिनिटांत दुरुस्ती केली, गुपचूप. सांगायला बुधवार उजाडला. मंगळवारीच आत्यानं करारावर सही केली होती. देवाचा शब्द आणि भाच्याचा कागद, तिनं मानला.

कमिटीनं माझं सांगणं हसण्यावारी नेलं. देवाची पावती कधी चुकते का?

आत्या पडवीत काजूच्या बिया फोडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, बटणं, जागा, कोणतं काम कुठे जोडलं. तिनं हात थांबवला नाही.

"तू थंयच आसलो मरे. पाकळी खंयची पडली?"

"उजवी."

"बटणाक तोंड ना," ती म्हणाली. "तुका आसा मरे."