अमावास्येचा कावळा आणि माझा जबडा

माझी बायको अंथरूण उचलून हॉलमध्ये निजायला गेली, तेव्हा घरात भांडण झालं असं कोणी म्हणालं नाही, कारण आमच्या घरात भांडण होतच नाही. मी झोपेत दात खातो आणि कोरड्या पाट्यावर वरवंटा ओढावा तसा आवाज येतो, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी ते धडधडीत नाकारलं असतं. पण सकाळी कानशिलं ठणकत असत आणि इडलीसारखा निरुपद्रवी पदार्थ चावतानाही कानाजवळ कट्‌ असा आवाज होई. इडली चावताना कळवळणारा माणूस तंजावुरात फार दिवस अब्रूने राहू शकत नाही.

आईने बसल्या जागी निदान केलं. "पोर दात खातो म्हणजे पोटांत जंत." हे पोर पन्नाशी ओलांडलेलं, चष्मा लावणारं आणि कॉलेजात मुलांना पदार्थविज्ञान शिकवणारं आहे, ही गोष्ट तिने गौण मानली. रोज उपाशीपोटी कडुलिंबाच्या पाल्याची गोळी सुरू झाली. जंत असलेच तर ते त्या चवीला विटून केव्हाच निघून गेले असतील. दात खाणं मात्र तसंच राहिलं.

मग मी दातांच्या डॉक्टरकडे गेलो. माझ्या मुलीच्या वयाची ती डॉक्टर माझ्या तोंडात बराच वेळ डोकावून होती. दाढांचे उंचवटे झिजून सपाट झालेत, गालाच्या आत दातांची रेघ उमटलीय, झोपेत तुम्ही जबडा आवळून धरता, असं तिने तमिळमध्ये सांगितलं. घोरता का? संध्याकाळी कॉफी पिता का? मनावर काही ताण? कॉफीचा गुन्हा मी कबूल केला. ताण कसला, मी म्हणालो, घरात सगळं उत्तम आहे. तिने मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बहुतेक "खोटं बोलतो" असं असावं.

उपाय साधे होते. दुपारनंतर कॉफी बंद, म्हणजे या गावात जवळजवळ संन्यासच. निजण्याआधी गरम फडक्याने गाल शेकायचे, जबड्याचे स्नायू बोटांनी हलके चोळायचे. रात्री दातांवर एक पारदर्शक साचा बसवायचा, नाइट गार्ड. तो दाढा वाचवेल, पण आवळणं थांबवेलच असं नाही, हेही तिने बजावलं. आणि दिवसा लक्ष ठेवायचं: ओठ मिटलेले, दात सुटे. "जेवण सोडलं तर वरच्या दातांना खालच्या दातांना भेटायचं काही कारण नाही सर," ती म्हणाली.

मी लक्ष ठेवायला लागलो आणि शोध फार लांबला नाही. दिवेलागणीला चेन्नईहून अण्णाचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोन येतो. फोन स्पीकरवर ठेवायचा, कारण अण्णाचे विचार सर्वांनी ऐकावेत असे असतात. आई माझ्याकडे राहते, म्हणून तिला कसं सांभाळावं हे अण्णाला जास्त कळतं. तिला ताक देऊ नका, चालायला न्या, चालायला नेऊ नका, पडेल. गेल्या काही आठवड्यांपासून नवा विषय होता. कोइंबतूरजवळ म्हाताऱ्यांसाठी बांधलेली एक वसाहत तो पाहून आला होता. तिथे डॉक्टर, भजन आणि रसम सगळं वेळेवर मिळतं. पोंगल झालं की आईला तिथे नेऊन सोडायचं, असं त्याने ठरवलं होतं. आईविना हे घर मला कल्पनेतही नको होतं. आणि मी म्हणत असे, "होय अण्णा." त्या वेळी माझ्या वरच्या आणि खालच्या दातांची काय गळाभेट चालली होती, ते सांगायला नको.

आमच्यात थोरल्याला उलट उत्तर देत नाहीत. तंजावुरातलं भोसल्यांचं राज्य गेलं, वाड्यात आता तिकीट काढून लोक येतात, पण आमच्यासारख्या मराठी घरांनी दरबारी अदब तेवढी जपून ठेवली आहे. कॉलेजात मी दिवसभर बोलण्याचा पगार घेतो आणि घरी येऊन मूग गिळून बसतो.

नाइट गार्ड घरी आला, तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "हें तोंडांत घालायचें काय?" होय म्हणताच तो एच्चिल ठरला. एच्चिल म्हणजे उष्टं, आणि आमच्याकडे उष्ट्याचे नियम कायद्याहून कडक. स्वयंपाकघरात नको, देवाच्या बाजूला नको, पाण्याच्या भांड्यांजवळ तर नावच नको. शेवटी त्याला परसातल्या भिंतीवर जागा मिळाली. सकाळी मी तो धुऊन, डबीचं झाकण उघडं टाकून तिथे वाळत ठेवी. घरात दातांसाठी वेगळं सोवळं पाळणारे आम्ही एकटेच असू.

अमावास्येला आम्ही आधी कावळ्याला भात ठेवतो आणि मग जेवतो. भात ठेवायची जागा तीच भिंत. हे माझ्या पदार्थविज्ञानाच्या डोक्यात त्या सकाळी आलं नाही. आईने केळीच्या पानाच्या तुकड्यावर भात ठेवला, काव काव करून बोलावलं. कावळा आला. त्याने भाताकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, माझा नाइट गार्ड चोचीत धरला आणि शेजारच्यांच्या नारळावर जाऊन बसला.

मी हातवारे करत धावलो. आई मात्र हात जोडून उभी होती. "राहूं दे," ती म्हणाली. "तुझे अप्पा आले. त्यांनाच पाहिजे होतें तें."

"मामंजींच्या मापाचा तरी आहे का तो," बायको माझ्या कानाशी पुटपुटली.

आई भिंतीला टेकून सांगू लागली. अप्पाही दात खात. आजोबांसमोर त्यांनी जन्मात ब्र काढला नाही. गावाबाहेरची शेती विकली तेव्हा होय म्हणाले, त्यांचं गाणं शिकणं बंद केलं तेव्हा होय म्हणाले, आणि सारी रात्र जबडा आवळून निजले. मी ऐकत राहिलो. मला अप्पांची फार कीव आली, आणि थोडी स्वतःचीही.

त्या संध्याकाळी अण्णाचा फोन आला. पोंगलनंतरची तारीख नक्की केली, म्हणाला. माझा जबडा घट्ट झाला. मी तो सोडवला आणि म्हणालो, "अण्णा, आई कोठें जाणार नाही."

अण्णाने विचारलं, "कोण बोलतो?"

"मीच, अण्णा. आई इथेंच राहील. मी ठरवलें."

माझी छाती फुगली होती. आता आई डोळ्यांना पदर लावेल, अशी माझी तयारी होती. ती समईची वात सारत होती, ते काम तिने पुरं केलं.

"मजला कोणीं विचारलें?" ती म्हणाली.

"आई, तुझ्यासाठींच तर बोललों."

"तो म्हणतो नेतों, तूं म्हणतोस ठेवतों. मी येथेंच बसलें आहें." तिने बोटाचं तेल पदराला पुसलं. "रात्रीं मीही आवळतें रे. मजला दात नाहींत, म्हणून कोणाला ऐकूं येत नाहीं."

आईच्या तोंडात दात नाहीत हे आम्हां दोघा भावांना ठाऊक होतं. तिच्यासाठी भात मऊ शिजवावा, हे अण्णाने मला अनेकदा फोनवरून बजावलेलंही होतं. मी फोन तिच्यापुढे धरला.

"ऐक," ती अण्णाला म्हणाली. "मी येथेंच राहणार. पण हें ह्यानें नाहीं ठरवलें. हें मी सांगतें."