प्रोफेसर बगुमिसांचं रक्त

म्बरारा शहरातल्या आमच्या विद्यापीठात डासांवर ज्यांनी ज्यांनी डॉक्टरेट मिळवली, त्या सगळ्यांचे डास प्रोफेसर बगुमिसांच्या रक्तावर पोसलेले. पिंजऱ्यातले डास जगवायचे तर त्यांना रक्त पाजावं लागतं, आणि हा मान प्रोफेसर दुसऱ्या कुणाला देत नसत. सकाळी बाही वर सारायची, पिंजऱ्यात हात घालायचा आणि दुसऱ्या हाताने वर्तमानपत्र वाचत बसायचं. कुणी विद्यार्थ्याने आपला हात पुढे केलाच, तर म्हणायचे, "तुमचं रक्त वसतिगृहातल्या मक्याच्या पोशोवरचं. माझं मातोकेच्या केळ्यांवर आणि दुधावर वाढलंय. डासांनाही चव कळते." मी त्याच विभागात शिकवतो. माझा हात त्यांनी एकदा नुसता बघून परत केला होता.

कोमुहांगी ही त्यांची निवृत्तीआधीची शेवटची विद्यार्थिनी. तिची शिष्यवृत्ती संपत आली होती, एकच प्रयोग उरला होता आणि नेमके तेव्हाच तिचे डास पटापट मरायला लागले. रक्त पिऊन टम्म व्हायचे आणि मग पाय वर.

"डोक्याला काय चोपडतेस?" प्रोफेसरांनी तिला फैलावर घेतलं.

"वासाचं तेल, सर."

"बंद कर. इथे कामाला येतेस की लग्नाला?"

तेल गेलं, मग साबणही गेला. जेवताना आम्ही तिच्यापासून जरा लांब बसायला लागलो. नव्याने वाढवलेले डासही मेले.

एकदा प्रोफेसर बैठकीत अडकले, तेव्हा डास उपाशी राहू नयेत म्हणून तिने एका पिंजऱ्यात स्वतःचा पोशोवाला हात घातला. तेवढाच पिंजरा जगला. सरांच्या रक्तातच काही आहे का, हे त्यांना तुम्ही विचारा, म्हणत ती माझ्याकडे आली. "तूच विचार, तू लहान आहेस, तुझ्यावर रागावणार नाहीत," म्हणत मी अंग काढून घेतलं.

"सर, तुम्ही कुठलं औषध घेतलंत का?" तिने प्रोफेसरांना विचारलं.

प्रोफेसरांनी आधी दार लावून घेतलं. सुट्टीत नातवंडं शाळेच्या वसतिगृहातून खरूज घेऊन आली होती. ती घरभर पसरली, तेव्हा त्यांच्या बायकोने सगळ्यांना ओळीने उभं करून गोळ्या दिल्या, मग काही दिवसांनी पुन्हा एकदा. ती गोळी घेतलेल्या माणसाचं रक्त प्यायलेला डास मरतो. हे प्रोफेसर स्वतःच दरवर्षी वर्गात शिकवत.

"जन्मभर परजीवी शिकवले आणि मलाच खरूज," ते म्हणाले. "प्रबंधात हे नको, पोरी. कारण अज्ञात, असं लिही."

तिने शब्द दिला, गोळ्यांचा असर उतरल्यावर प्रयोग पुरा केला आणि तसंच लिहिलं. तिच्याकडून हे कळलं तेव्हा मला प्रोफेसरांचा संताप आला.

तोंडी परीक्षेला कंपालाहून परीक्षक आले. प्रोफेसरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि घर, मुलं, गाईगुरं, सगळ्यांची खुशाली विचारून होईपर्यंत सोडला नाही. मग परीक्षा सुरू झाली.

"इतके डास मेले आणि कारण अज्ञात?" परीक्षक म्हणाले. "हे शास्त्र आहे की जादूटोणा? उत्तर नसेल, तर हा प्रबंध मला मान्य करता येणार नाही."

"कारण अज्ञात," कोमुहांगी पुन्हा म्हणाली. मार्गदर्शकाने तोंडी परीक्षेत तोंड उघडायचं नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. प्रोफेसर बगुमिसा उठून उभे राहिले.

"खरूज," ते म्हणाले. "मला झाली होती. गोळ्या मी घेतल्या आणि अज्ञातही मीच लिहायला लावलं. तिची काही चूक नाही."

परीक्षकांचं पेन थांबलं आणि त्यांचा उजवा हात हळूच टेबलाखाली गेला. खाजवल्याचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला.

"बरी होऊन कितीतरी महिने झाले," प्रोफेसर म्हणाले.

"हो, हो," परीक्षक म्हणाले आणि खाजवत राहिले. खरं कारण छापायचं, या अटीवर त्यांनी तिला पास केलं. मला प्रोफेसरांचा फार अभिमान वाटला, पण अभिनंदन मी लांबूनच हात हलवून केलं.

आता पिंजऱ्यात डॉक्टर कोमुहांगीचा हात असतो. प्रोफेसर निवृत्त झाले तरी सकाळी वर्तमानपत्र घेऊन तिच्या शेजारी येऊन बसतात.

"पोशोच आहे," ते डासांना सांगतात. "घ्या सवय करून."