आवाज ठेवा, तोंडं काढा

‘आवाज राहू द्या. तोंडं काढा.’

दादासाहेब एवढंच बोलले आणि त्यांनी रिमोट गादीवर टाकला. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीत माझे वडील थांबले होते. डोळे मिटलेले, गाल फुगलेले, ओठांत सनई. कपाळावरचा घामाचा एकेक थेंब मोजता आला असता, इतका तो शॉट नेमका होता.

वारंगा फाट्याच्या अलीकडच्या एका गावात, दादासाहेबांच्या बैठकीत, आम्ही त्यांच्या मुलीच्या लग्नाची फिल्म दाखवायला गेलो होतो. आखाडा बाळापूरच्या ज्या स्टुडिओत मी एडिटिंग करत होते, त्याचे मालक सोफ्यावर बसले होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत. मी टीव्हीशेजारी, वायर हलू नये म्हणून ती धरून उभी. बस असं मला कुणी म्हटलं नव्हतं. उभी राहा असंही म्हटलं नव्हतं. काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

‘हे वाजवणारे काहून दिसून राहिले सारखे?’ दादासाहेबांचा धाकटा भाऊ म्हणाला. ‘लगन आमच्या पोरीचं हाये का यांचं?’

सगळे हसले. भाऊही हसले. गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून त्यांनी दोष माझ्याकडे सरकवला.

‘काय करता काका, आमची एडिटर त्याचीच पोरगी हाये ना.’

तेव्हा कुठे त्या खोलीनं माझ्याकडे पाहिलं.

‘अस्सं! म्हंजी आमच्या पैशानं बापाची जाहिरात चालू हाये व्हय!’

पुन्हा हसू. या वेळी मोठं.

तो शॉट मी का घेतला, हे मला सांगता आलं असतं. नवरी मंडपात पाऊल टाकते आणि सनईचा सूर चढतो. त्या क्षणाचे बाकीचे सगळे शॉट हललेले होते, किंवा मध्येच कुणीतरी आडवं गेलेलं होतं. हा एकच स्थिर होता. त्याच्या जागी दुसरं काहीही लावलं असतं तरी प्रसंग पडला असता. वडील आहेत म्हणून नाही, शॉट चांगला आहे म्हणून घेतला होता. पण कारण विचारलं जाण्यासाठी आधी माणूस दिसावा लागतो.

आतून म्हातारीचा आवाज आला. ‘सनई नका काढू रे. सनई शुभ असती.’

‘सनई राहीनच आई. तोंडं तेवढी काढायची.’

सूर शुभ. तो फुंकणारा अशुभ. इतकी साधी विभागणी होती आणि त्या घरात कुणालाही ती खटकली नाही.

परतीच्या वाटेवर भाऊ मोटारसायकल चालवत गाणं गुणगुणत होते. स्टुडिओत आल्यावर मी खुर्चीवर बसले. पडद्यावर फिल्मची लांब पट्टी पसरलेली असते, तिच्यात वडिलांचा तुकडा निवडला. एक कळ दाबली की तुकडा जातो. मागचा आणि पुढचा भाग एकमेकांना येऊन चिकटतात. मध्ये कुणी होतं याची खूणही राहत नाही. आवाजाची पट्टी वेगळी असते. ती अखंड वाहत राहते.

मी कळीवरचं बोट उचललं.

‘मी काढणार नाही.’

‘नको काढू,’ भाऊ शांतपणे म्हणाले. ‘मी काढतो. सरक. मशीन माही, खुर्ची माही, गिऱ्हाईक माहं. तुहं काय हाये इथं?’

ते चिडले नव्हते. खरंच विचारत होते. मी उठले. त्यांनी बसल्या बसल्या कळ दाबली. माझ्यासमोर माझे वडील गेले आणि सनई वाजत राहिली.

त्याच दिवशी मी ती नोकरी सोडली.

घरी वडील ओसरीवर सनईची पत्ती ओल्या फडक्यानं पुसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

‘त्यापायी काम सोडलं व्हय?’

‘हो.’

‘येडी हाईस. आपुन काय दिसाया जातो का? वाजवाया जातो.’

दादासाहेबांच्या हसण्यानं मी दुखावले होते. वडिलांच्या या वाक्यानं मला जाग आली. त्यांना आयुष्यभर फ्रेमबाहेर उभं करण्यात आलं होतं, आणि त्यांनी त्यालाच आपली जागा मानलं होतं. माणसाला काढून टाकण्याचं काम इतकं पूर्ण झालं होतं की काढलेला माणूसच काढणाऱ्याची बाजू मांडत होता.

मी इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आहे. एखादं यंत्र बिघडलं तर रडत नाही, दोष कुठे आहे ते शोधते. इथे दोष शोधणं अवघड नव्हतं. कॅमेरा कुणाच्याही हातात असो, फ्रेममध्ये कोण राहील हे ज्याची मशीन आहे तोच ठरवतो. भाऊंच्या प्रश्नाला एकच उत्तर होतं. मशीन माझी हवी.

नांदेडला एम.एस्सी.ला जाण्यासाठी साठवलेली रक्कम होती. शिकवण्यांची, स्टुडिओच्या पगारातून वाचवलेली. तेवढीच. मशीनचा एक भाग चुकीचा घेतला तर दुसरा घ्यायला काही उरणार नव्हतं, आणि एम.एस्सी.ही गेलेलं असणार होतं.

कमी खर्चात एडिटिंगचा कॉम्प्युटर कसा जुळवावा, हे सांगणारे इंटरनेटवर पुष्कळ आहेत. त्यांच्या मागच्या भिंतीवर निळेजांभळे दिवे असतात. खोलीत एसी असतो. त्यांचा कमी खर्च जिथे सुरू होतो, तिथे माझा संपत होता. पण माझी खरी अडचण पैशाची नव्हती. ते सगळे एक गोष्ट गृहीत धरून चालत. भिंतीतल्या बोर्डात वीज असते आणि ती पुरेशी असते.

आमची मातंग वस्ती गावाच्या टोकाला आहे. नळ शेवटचा, खांबही शेवटचा. डीपीवरून निघालेली तार आधी गावाला वीज पुरवते, पिठाच्या गिरणीला पुरवते, आणि उरलेला दाब घेऊन आमच्याकडे येते. तार जितकी लांब, तितका तिचा रोध अधिक. कॉलेजात हा नियम शिकण्याच्या किती आधी मी तो आमच्या बल्बच्या तांबूस उजेडात पाहिला होता. संध्याकाळी घरातल्या बोर्डाला मल्टिमीटर लावला. आकडा दोनशे तीसच्या आसपास हवा, तो दोनशेच्याही बराच खाली होता. गावानं आमची जागा ठरवली आणि जागेनं आमचा व्होल्टेज. जात मोजता येत नाही असं म्हणतात. मी ती मोजली.

म्हणून मी सुरुवात उलटीकडून केली. लोक प्रोसेसरपासून निघतात, मी पॉवर सप्लायपासून निघाले. पडलेला दाब पचवून आतल्या भागांना स्थिर वीज देईल असा हवा. त्यात तडजोड नाही. सोबत यूपीएस, वीज गेल्यावर काम जतन करण्यापुरता. प्रोसेसर असा की ग्राफिक्स त्याच्या पोटातच असावं आणि कॅमेऱ्यानं जागा वाचवायला दाबून साठवलेला व्हिडिओ त्याला अडखळल्याशिवाय उलगडता यावा. वेगळं ग्राफिक्स कार्ड आत्ता नाही, त्याची जागा मात्र मोकळी. रॅमची एकच मोठी पट्टी. दोन पट्ट्या जास्त वेगानं चालतात, हे मला ठाऊक होतं. पण एक जागा रिकामी ठेवली तर पुढे वाढवता येतं. चालू कामासाठी वेगवान एसएसडी, साठवणीसाठी जुनी हार्डडिस्क.

मॉनिटरवर मी अडले. जुना घेतला असता तर बरीच बचत होत होती. पण भाऊंच्या स्टुडिओत नवरानवरीला उजळ करण्याचा एक ठरलेला फिल्टर होता. त्यातून आमच्यासारखा काळा चेहरा राखेसारखा दिसायचा, आणि त्या मॉनिटरवर कुणाला ते कळायचंही नाही. मला काळा रंग काळा दाखवणारा पडदा हवा होता. त्यातल्या तपकिरी, तांबूस, घामेजलेल्या छटांसकट. तो नवाच घ्यायचा ठरवला. बचत केली ती सगळे भाग ज्यात बसतात त्या डब्यावर, कॅबिनेटवर. भंगारातलं आणलं, घासलं. आई हंगामात हळकुंडं घासून पॉलिश करण्याच्या कामावर जाते. तिच्या लुगड्यातून घरभर पिवळी धूळ येते. जुन्या मच्छरदाणीची जाळी कापून मी हवेच्या झरोक्यांवर शिवली.

हिंगोलीच्या दुकानात वडील सोबत आले. काचेचं दार होतं. आमच्या पुढचा माणूस बूट घालून आत गेला. वडिलांनी चपला बाहेर काढल्या.

‘बाबा, घाला चपला.’

‘राहू दे ना. चकाचक फरशी हाये.’

‘सगळे घालून जातात. तुम्हीही घाला.’

त्यांनी घातल्या. पण आत ते टाचा उचलूनच चालले.

काउंटरवरच्या माणसानं माझं बोलणं ऐकून घेतलं आणि उत्तर वडिलांना दिलं. ‘चाचा, घर में कोई लडका नहीं क्या? उसको भेजो. ये पुर्जे अलग अलग लेने का मामला है, लडकी के बस का नहीं.’

वडील माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, ‘काय हवं ते मीच सांगते. मशीन मी वापरणार आहे.’

‘काय करणार? रील बनवती व्हय?’ शेजारचा दुसरा म्हणाला. त्यानं रंगीत दिव्यांचं एक ग्राफिक्स कार्ड काढून काउंटरवर ठेवलं आणि त्याच्या जोडीला बिननावाचा हलका पॉवर सप्लाय. ‘हे घ्या. दिसायला बी भारी.’

‘कार्ड नको. आणि हा सप्लाय आमच्या वस्तीच्या विजेवर टिकणार नाही.’

‘बस्ती कौनसी?’

मी सांगितलं. कुणाची, तेही सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो पाहण्याचा प्रकार मी लहानपणापासून ओळखते.

‘मंगा देंगे,’ पहिला म्हणाला. ‘पूरा पैसा पहले. वापस नहीं होगा. और जोडून देनार नाही. तुमाला सगळं येतं ना? मग जोडा तुमीच.’

मागून कुणीतरी खुदकन हसलं. वडील खाली फरशीकडे पाहत होते. मी पैसे पुढे केले. आत भीती होती, ती लपवत नाही. निवड चुकली असती तर ते हसू खरं ठरलं असतं, आणि माझ्यानंतर त्या दारातून येणाऱ्या प्रत्येक मुलीला ते ऐकावं लागलं असतं.

पुर्जे आले. रविवारी सकाळी ओसरीवर चादर अंथरून मी मशीन जोडली. वडील समोर बसून होते. बटण दाबलं. पंखा फिरला. क्षणभर काहीच नाही. मग पडदा उजळला.

‘झालं व्हय?’ वडिलांनी विचारलं.

‘झालं.’

‘मंग दाव की तो. माहा सनईवाला.’

‘आपुन काय दिसाया जातो का’ म्हणणारा माणूस आता स्वतःचा शॉट मागत होता. आणि माझ्याकडे तो शॉट नव्हता. चित्रण स्टुडिओच्या मालकीचं. भाऊंना फोन केला होता. ‘जागा लागती ना डिस्कला. पुसलं ते,’ म्हणाले. दादासाहेबांच्या घरी ती फिल्म आहे. तिच्यात माझ्या वडिलांचा श्वास आहे, चेहरा नाही. तो आता कधीच असणार नाही. कुठलाही प्रोसेसर तो परत आणू शकत नाही.

‘न्हाई बाबा,’ मी म्हणाले. ‘तो गेला.’

त्यांनी मान हलवली आणि सनई फडक्यात गुंडाळली.

काही आठवड्यांनी पहिलं गिऱ्हाईक आलं. जवळा बाजारकडचं बरं घर, मुलाचं लग्न. मी नमुन्याला जोडलेली छोटी फिल्म त्यांना पसंत पडली, बोलणी झाली. उठता उठता नवरदेवाचे मामा सहज म्हणाले, ‘ताई, ते वाजवणारे लई नका दाखवू बरं का. आवाज तेवढा राहू द्या.’

सहज. भाऊंसारखंच शांतपणे. मला त्या कामाची गरज होती. यूपीएसची बॅटरी उधारीवर आणलेली होती, हे मला विसरता येत नव्हतं.

‘माझी एक अट आहे,’ मी म्हणाले. ‘जो वाजवेल तो दिसेल. शेवटी त्याचं नावही येईल. ते नको असेल तर त्याचा आवाजही मी लावणार नाही.’

‘म्हंजी? सनईबिगर लगन?’

‘ते तुम्ही ठरवा.’

‘अवो, गिऱ्हाईक आमी हाव का तुमी?’

‘गिऱ्हाईक तुम्ही. मशीन माझी.’

ते गेले. काम गेलं. आईनं कपाळाला हात लावला. वडील ओसरीवर होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. या वेळी ‘येडी हाईस’ म्हणाले नाहीत.

असे आणखी जातील, हे मी हिशेबात धरलं आहे. यूपीएसची बॅटरी मी शिकवण्या घेऊन फेडीन. रॅमची दुसरी जागा कदाचित फार काळ रिकामी राहील. पण या मशीनवर वाजवणाऱ्याचं तोंड कापलं जाणार नाही. ज्याला ते तोंड बघवत नाही, त्यानं आपलं लग्न मुकं लावावं.