लताबाईंच्या स्वयंपाकघरातला खटका

भडगावकडच्या खेड्यांत नर्स म्हणून लताबाईंची हयात गेली. बैलगाडीत बसून अडलेल्या बाळंतिणींपाशी पोचणारी ही बाई निवृत्त होऊन जळगावच्या नव्या घरात आली आणि वर्षभरातच अर्धांगवायूनं तिचा उजवा हात लुळा पडला. एका हातानं काडी पेटवता येईना. चहासुद्धा नवऱ्याच्या, सुकदेवच्या, वेळेवर अवलंबून राहिला.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात मुलीनं, सुजातानं, पुण्याहून मायक्रोवेव्ह पाठवला. "आई, नुसतं बटण दाब."

सकाळी दूध छान तापलं. दुपारी मात्र लताबाईंनी भाजी ठेवली, आणि थोड्याच वेळात बोर्डावरचा खटका फाट्‌दिशी पडला. घरभर वीज बंद, कूलर बंद. दुसऱ्या दिवशीही तेच.

सुकदेव घामाघूम होऊन ओरडला, "काय दाबलंस आता? तू हातच लावू नकोस त्याला!"

 पदरानं डोळे टिपून लताबाई ताटातली गार भाकरी मोडत बसल्या. पण मनातून जाईना. सकाळी चालतं ते दुपारी का चालू नये? रोग्याला ताप दुपारीच चढत असेल, तर दुपारी काय वेगळं होतं ते आधी पाहायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

सुकदेव बाजारात गेला तेव्हा त्यांनी भर उन्हात कूलर बंद केला आणि वाटीभर वरण आत ठेवलं. वरण तापलं. पुन्हा कूलर लावून पाहिलं, तर खटका पडला.

लताबाईंनी वायरमनला, वनाला, बोलावून घेतलं. तो मूळचा धुळ्याकडचा. सगळं ऐकून त्यानं बोर्ड उघडला आणि म्हणाला, "अक्का, तुमनं बरोबर शे. कूलर, फ्रीज, हाई मशीन, बठ्ठं एकच वायरवर शे. तिले इतला भार झेपत नही." मशीनसाठी त्यानं जाड वायर ओढून वेगळा पॉइंट काढला.

सुकदेव शिडी धरून उभा होता. "मी उगाच बोललो तुला," तो हळूच म्हणाला.

"बोललात खरे," लताबाई म्हणाल्या. "आता बसा दोघंही."

डाव्या हातानं मशीनचं बटण दाबून त्यांनी चहा केला. एकेक कप करून आणला. थोडा बशीत सांडला. आजारपणानंतर त्यांनी स्वतः करून घरी आलेल्या माणसाला दिलेला हा पहिलाच चहा. सुकदेव मदतीला उठू लागला, तशा त्या म्हणाल्या, "बसा म्हटलं ना!"