नऊ निमंत्रकांची पत्रिका

लातुरात माझं पत्रिका छापायचं दुकान आहे. सुदर्शनसारखं गिऱ्हाईक पुन्हा मिळालं नाही, आणि मिळूही नये.

हा स्कूलबसचा ड्रायव्हर. बहिणीच्या लग्नासाठी नऊ जणांकडून हातउसने पैसे घेतले होते. ते फिटायच्या आधीच या पठ्ठ्यानं बँकेचं कर्ज काढून फ्लॅट घेतला. आता वास्तुशांतीला त्या नऊ जणांना बोलवावं, तर ते भर पंगतीत पैसे मागणार. न बोलवावं, तर दारात येऊन मागणार.

त्यानं डोकं लावलं. पत्रिकेत निमंत्रक म्हणून नऊच्या नऊ नावं टाकली.

"जिलानीभाई, निमंत्रक कधी पैसे मागतो का?"

खरंच, एकानंही मागितले नाहीत. छापलेलं नाव बघून सगळे लई खूश झाले. इतके खूश, की प्रत्येकानं घरचंच कार्य समजून आपापले सोयरे, भावकी, अख्खी गल्ली बोलावली. स्वयंपाक दीडशे माणसांचा, आली सहाशे. नऊ निमंत्रक "लाजू नका, आपलंच घर हाय" म्हणत बुंदी वाढत फिरत होते. आचाऱ्यानं तीनदा किराणा मागवला.

दुसऱ्या दिवशी सुदर्शन माझ्या दुकानात हजर.

"आचारी दारात बसून राहिलाय. वीस हजार द्या, भाई."

मी भडकलो. "अरे, पत्रिकेचेच पैसे दिले नाहीस! मी कोण लागतो तुझा?"

त्यानं खिशातून पत्रिका काढली. अगदी तळाशी, बारीक अक्षरात 'जिलानी प्रिंटिंग प्रेस' छापलं होतं. त्यावर बोट ठेवून म्हणाला,

"तुमचं बी नाव हाय की!"